गाठ कोठे शे?

मास्तर घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढत. पहिल्यांदा सरळ खाली, दुसऱ्यांदा जरा तिरकं, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन, तिथून परत येऊन तिसऱ्यांदा. काकू, म्हणजे त्यांची बायको, घरात असल्या तर कुलपाचा प्रश्नच नसे. पण तेव्हा ते काकूंना आतून कडी लावायला सांगत आणि बाहेरून दार ओढून पाहत. काकू आतून म्हणत, "लागनी, लागनी, जा आते." ते तरी ओढत.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. लिंबायतमध्ये, मागवाल्यांच्या वस्तीत, एक मजला वर, एक खाली, मागं पत्र्याची मोरी, अशी त्यांची जागा. मी अकोल्याकडचा, फिजिओथेरपी शिकलेला, इथल्या एका हॉस्पिटलात नोकरीला लागलो तेव्हा ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. खोली बघायला गेलो तर मास्तरांनी नाव-गाव विचारायच्या आधी मला नळ बंद करायला सांगितला. नळाखाली बादली ठेवली. मग आम्ही खाली येऊन चहा प्यायलो, इकडचं तिकडचं बोललो, आणि अर्ध्या तासानं वर जाऊन त्यांनी बादलीत बोट फिरवलं. कोरडी होती. "हात घट्ट शे तुना," ते म्हणाले आणि खोली मिळाली. नळाचा वायसर खराब असता तर मी आज भेस्तानला कुठंतरी राहत असतो.

खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मला या माणसाचा संशय यायचा. जो उठता-बसता दुसऱ्यावर संशय घेतो त्याच्या पोटात काहीतरी काळंबेरं असणार, असं आपल्याला वाटतंच. मी कामावर गेलो की हे वर येऊन माझ्या पिशव्या तपासत असणार, अशी माझी खात्री होती. एकदा मी दाराच्या फटीत कागदाचा कपटा अडकवून गेलो. संध्याकाळी कपटा जागेवर होता, आणि त्याच्या शेजारी बाहेरून दुसरा कपटा खोचलेला होता. मास्तर खालून म्हणाले, "मीबी दखी ऱ्हायंतू, तू कोनले आत घेस का."

ते पॉवरलूमच्या कारखान्यात मास्तर होते. मास्तर म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो. तीस वर्षांमागं खानदेशातून आले, मागावर उभे राहिले, आणि कान इतका तयार झाला की शेडच्या दारात उभं राहून कुठला माग आजारी आहे ते सांगत. त्यांची एकच म्हण होती, आणि ती ते कशालाही लावत: "दोरा कधी तुटस नही, गाठ सरकस." त्यामुळं कुठलीही नवी गोष्ट समोर आली की त्यांचा पहिला प्रश्न असे, गाठ कोठे शे? गॅसची नळी असो, झोपाळ्याची साखळी असो, पुढाऱ्याचं भाषण असो. पुतण्याच्या लग्नात सप्तपदीला नवरा-नवरीच्या शेल्याची गाठ भटजींनी मारली, तर हे मांडवात उठून गेले आणि दोन बोटांनी ती गाठ ओढून पाहिली. सुटली. मग स्वतः मारून दिली. नवरीकडची माणसं अजून ती गोष्ट काढतात म्हणे.

तर अशा माणसाच्या गुडघ्यातलीच दोरी तुटली.

शेडमध्ये फरशीवर तेल सांडलं होतं. बीमची, म्हणजे सूत गुंडाळलेल्या जड रुळाची, गाडी ओढताना पाय अडकला, अंग फिरलं, पाय फिरला नाही. त्यांनी स्वतः कट्‌ असा आवाज ऐकला. सूज महिन्याभरात उतरली, पण वळताना गुडघा दगा द्यायला लागला. सरळ चालताना काही नाही, आणि जरा बाजूला वळले की पाय अंगाखालून निघून जाई. एमआरआयमध्ये दिसलं की गुडघ्याच्या आतला पुढचा लिगामेंट तुटलाय. बैठं काम असतं तर त्या वयात मी म्हटलं असतं, मांडी बळकट करा आणि राहू द्या. पण मास्तरांचं काम मागाखाली उकिडवं बसायचं, दोन मागांच्या बोळातून आडवं सरकायचं. मालकानं साफ सांगितलं होतं, दिवाळीनंतर उभे राहिलात तर जागा तुमची, नाहीतर दुसरा मास्तर बघतो. मास्तर घरी बसले असते तर वेडेच झाले असते. ते माग दुसऱ्या कुणाच्या हातात आहेत, या विचारानंच त्यांचा रक्तदाब वाढायचा.

ऑपरेशन म्हणजे मांडीमागचा एक स्नायूबंध काढायचा, त्याची घडी घालून दोरी करायची, मांडीच्या आणि नडगीच्या हाडात भोकं पाडून ती आतून ओवायची आणि दोन्ही टोकं हाडात पक्की करायची. पहिले डॉक्टर म्हणाले, दोन्हीकडं स्क्रू. भोकात दोरीच्या शेजारी स्क्रू पिळला की दोरी हाडाला दाबली जाते. दुसरे म्हणाले, वर बटण, खाली स्क्रू. बटण म्हणजे धातूची चपटी पट्टी, ती हाडाच्या बाहेरच्या अंगाला आडवी बसते आणि दोरी तिच्या फासातून लोंबते. मास्तरांनी दोघांनाही विचारलं, गाठ कोठे शे? पहिल्यांनी त्यांना घरी पाठवलं. दुसऱ्यांनी बटण हातात दिलं.

मी त्यांना समजावलं की दोन्ही पद्धती चालतात, जगभर चालतात, प्रत्येकीचं एकेक दुखणं आहे. स्क्रूची धार दोरी कापू शकते आणि हाड ठिसूळ असलं तर पकड जाते. बटण सांध्यापासून लांब असतं, त्यामुळं दोरी लांब लोंबते, थोडी ताणते, भोकात मागंपुढं होते. शेवटी हात चांगला पाहिजे, मी म्हटलं. मास्तरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी बटण आणि स्क्रू दोन्हीवाल्यांकडून पैसे खाल्लेत.

मग त्यांनी गच्चीवर स्वतःची तपासणी मांडली. पाण्याच्या टाकीला फळी बांधली. फळीत दोन भोकं. एका भोकातून नायलॉनची दोरी ओवून मागं लोखंडी चकतीला अडकवली, दुसऱ्या भोकात तशीच दोरी घालून शेजारी स्क्रू पिळला. दोन्ही दोऱ्यांना खाली कारखान्यातली बिडाची वजनं टांगली. सूत ढिलं पडू नये म्हणून मागाच्या बीमला जी वजनं लटकवतात, तीच. आणि बॉलपेननं दोरीवर खुणा केल्या. रोज सकाळी लंगडत वर जायचे आणि खुणा बघायचे. मला उठवून दाखवायचे. शेजारच्या बायकांना वाटलं, मास्तरांनी काहीतरी करणी काढायला सुरुवात केलीय.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. चकतीची दोरी बोटभर लांबली होती. स्क्रूची दोरी लांबली नव्हती, पण फळीच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी सरकली होती, आणि ते स्क्रू काढल्याशिवाय दिसत नव्हतं. मी विचारलं, मग काय ठरलं? ते म्हणाले, लबाडी दोघांची आहे, पण बटणाची लबाडी बाहेरून दिसते. म्हणून बटण.

त्या बटणवाल्या डॉक्टरांकडं पुन्हा मीच घेऊन गेलो, ते माझ्याच हॉस्पिटलातले. गुजराती, शांत माणूस. मास्तरांनी खिशातून सुताचा तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि गाठ मारून दाखवा म्हणाले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टरांनी एक हात मागं घेतला आणि एका हातानं गाठ मारली. मास्तरांनी ती नखानं उकलून पाहिली, दातानं ओढून पाहिली, चष्मा वर करून पाहिली. नाही सुटली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "गाठ चांगली शे. मानूस कसा शे ते नंतर दखू."

आता माझ्यावर येतो. इथपर्यंत सगळं हसत सांगता येतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मास्तर संमतीच्या कागदावर सही करीनात. त्यांचा प्रश्न बरोबर होता. घडी घातलेल्या दोरीत ढिलाई असणारच, ती कोण काढणार? नर्स वैतागली. काकू पदराला डोळे पुसायला लागल्या. डॉक्टर घरी गेलेले. मग मी खुर्ची ओढली आणि म्हणालो, मास्तर, बीम बदलल्यावर तुम्ही काय करता? जुन्या धाग्यांना नवे धागे गाठी मारून जोडता, आणि मोटार लगेच चालू करता का? नाही. आधी माग हातानं फिरवता, गाठी पुढं सरकवता, ताण बघता, मग मोटार. डॉक्टर तेच करतात. वरचं टोक अडकवलं की खालून दोरीला ताण देतात आणि गुडघा वीस वेळा वाकवून सरळ करतात. ढिलाई निघाली की मग खालचा स्क्रू.

मास्तरांनी कागद पुढं ओढला आणि सही केली. नर्स म्हणाली, सर, तुम्ही तर कमालच केली. मी त्या दिवशी स्वतःवर इतका खूश होतो की येताना रिक्षावाल्याशीसुद्धा गप्पा मारल्या. अडाणी माणसाला त्याच्या भाषेत समजावलं, असं माझ्या डोक्यात होतं. अडाणी कोण ते पुढं कळलंच.

कमरेखालचं अंग बधिर करून ऑपरेशन झालं, म्हणजे मास्तर जागे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेलो तर मला खाली वाकायला सांगून कानात म्हणाले, "अठराच फेऱ्या कयात." पडद्यापलीकडं डॉक्टरांचे खांदे हलताना त्यांनी मोजले होते. वीस सांगितल्या होत्या, अठरा केल्या. मला हसू आवरेना. मी त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणालो, "मग राहिलेल्या दोन तुम्ही घरी करून टाका, मास्तर."

एवढंच बोललो. जोक होता. माझ्या मनातून ते वाक्य वॉर्डाच्या दाराबाहेर पडायच्या आत पुसलं गेलं.

घरी आल्यावर मी त्यांना व्यायामाचा कागद दिला, पट्टा कसा बांधायचा ते दाखवलं, आणि काय करायचं नाही ते सांगितलं. पायाला वजन बांधू नका हे मात्र सांगितलं नाही, कारण दुसऱ्या आठवड्यात कुणी पायाला वजन बांधेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मास्तर कागदातलं सगळं करत. मी रोज जाता-येता बघे, पट्टा जागेवर, टाच उशीवर. असा शहाणा पेशंट मला आजवर मिळाला नव्हता, आणि तिथंच मला संशय यायला हवा होता.

पाचव्या आठवड्यात मी गुडघा तपासला. मांडी एका हातानं धरायची आणि नडगी दुसऱ्या हातानं पुढं ओढायची. दोरी पक्की असली तर हाताला टक्‌कन अडल्यासारखं लागतं. अडलं नाही. नडगी पुढं येतच राहिली. मी पुन्हा ओढली. मग त्यांना पाय सैल सोडायला सांगून तिसऱ्यांदा ओढली. तेव्हा घोट्यावर सुतळीचे वळ दिसले, आणि मी खाटेखाली वाकलो. गच्चीवरचं एक बिडाचं वजन तिथं होतं, सुतळी बांधलेलं.

काकू सहज म्हणाल्या, रोज पहाटे खाटेच्या काठावर बसून ते वजन घोट्याला बांधतात आणि पाय खालून वर उचलून सरळ करतात. वीस वेळा. नव्या दोरीसाठी याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. मांडीचा स्नायू नडगीला पुढं खेचतो आणि सगळा भार त्या कोवळ्या दोरीवर येतो. मी विचारलं, दोनच म्हटलं होतं ना?

"दोन कोन्ही मोजस का? वीस म्हंजे वीस," मास्तर म्हणाले. "आन ताण नही दिधा त फेऱ्या कसाले? तूच सांगेल व्हतं ना."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, हे मला कळायला वेळ लागला. ते माझी साक्ष काढत होते. माझ्यासारख्या अर्ध्या डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणं त्यांनी सगळं चोख केलंय, म्हणजे चूक त्यांची नाही, माझीही नाही. मग उरलं कोण? बटण आणि बटणवाला. "बटन सरकनं," ते म्हणाले आणि काठी उचलली.

हॉस्पिटलात त्यांनी डॉक्टरांसमोर टेबलावर हात आपटला. डॉक्टरांनी एक्सरे काढला. बटण हाडावर जिथं बसवलं तिथंच होतं, केसभर हललं नव्हतं. दोरी लांबली होती. मास्तर म्हणाले, अठरा फेऱ्या केल्या, दोन चोरल्या, म्हणून लांबली. डॉक्टर बिचारे चकित झाले. वीसच केल्या असतील, कदाचित अठरा, कुणी मोजतं का? मग ते माझ्याकडं वळले आणि विचारलं, "घेर कोई वजन तो नथी बांध्युं ने?"

घरी वजन तर बांधलं नाही ना, एवढं गुजराती मास्तरांनाही येत होतं. ते माझ्याकडं बघत होते, अगदी निश्चिंतपणे, की हा आता आपली बाजू मांडणार. मी म्हणालो, मला माहीत नाही. मास्तरांना वाटलं, डॉक्टरांना निमित्त मिळू नये म्हणून मी त्यांना वाचवलं. मी कुणाला वाचवलं ते मला माहीत होतं.

पुन्हा ऑपरेशन करा म्हटलं तर ते नाही म्हणाले, एकदा फसलो, दुसऱ्यांदा नाही. दिवाळीनंतर कारखान्यात नवा मास्तर आला. एक-दोनदा हे काठी टेकत शेडच्या दारापर्यंत जाऊन आले, कान देऊन उभे राहिले, आणि घरी येऊन काकूंना सांगितलं की खिडकीजवळचा माग आजारी आहे आणि त्या नव्या माणसाला ते ऐकूच येत नाही. मग जेवले नाहीत. मी वर माझ्या खोलीत बसून हे ऐकत होतो. मला जिना उतरून खाली जाता येत नव्हतं.

डॉक्टरांची सगळ्या गल्लीत नाचक्की झाली. लिंबायतमधून त्यांच्याकडं जाणारे दोन-चार पेशंट मास्तरांनी अडवले. माझ्याकडं मात्र पाठवत. हाऊ मानूस खरा शे, म्हणत. तीस वर्षांत मास्तरांनी एका माणसावर भरवसा ठेवला आणि तो मी निघालो.

फेब्रुवारीत ते दोघं गावी राहायला निघाले. सामान टेम्पोत गेलं, रिक्षा दारात उभी. मास्तरांनी खालच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. त्या कुलपाची एकच किल्ली होती, दुसरी त्यांनी कधी करूनच दिली नव्हती, काकूंनासुद्धा नाही. मी ती घेतली. ते काकूंचा हात धरून रिक्षात चढले, आणि रिक्षा निघाली. मी वाट बघत उभा राहिलो. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली नाही. त्यांनी कुलूप एकदाही ओढलं नव्हतं.

ती किल्ली मी चार महिने शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. रात्री उशाशी, दिवसा खिशात. शेवटी एका सोमवारी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त, काकांना तू सांगशील की मी, एवढंच विचारलं.

घरी येऊन भर दुपारी मास्तरांना फोन लावला. न थांबता सांगितलं. फेऱ्या, अठरा, राहिलेल्या दोन, खाटेखालचं वजन, आणि डॉक्टरांसमोर मी जे बोललो ते. बटण सरकलं नव्हतं, मास्तर. माझ्या बोलण्यानं दोरी लांबली, आणि मी तोंड मिटून बसलो. पलीकडं कुठंतरी पाण्याची मोटार चालू होती. मला वाटलं फोन कट झाला.

"खाले जाय," ते म्हणाले.

मी जिना उतरून खाली गेलो, फोन कानाला तसाच.

"कुलूप वढ."

मी कुलूप सरळ खाली ओढलं. ते म्हणाले, आखो एकदा. मी जरा तिरकं ओढलं. मग ते म्हणाले, गल्लीच्या तोंडापर्यंत जाय. मी गेलो. कुणीतरी विचारलं काय झालं, मी मान हलवली. परत आलो आणि फोन कुलपाजवळ धरून तिसऱ्यांदा ओढलं. लोखंडाचा आवाज झाला. फोन कानाला लावला तेव्हा त्यांनी तो ठेवला होता.